तेहतीस टायरं

पाककृतीच्या पुस्तकात ज्या पदार्थाच्या नावाआधी ‘सोपे’ हा शब्द छापलेला असतो, त्याच्या वाटेला शहाण्या माणसाने जाऊ नये, असं माझं अनुभवान्ती बनलेलं मत आहे. ‘सोपी पुरणपोळी’ असं कुणी म्हणत नाही. ‘सोपे अनारसे’ तर मी कुठंच वाचलेले नाहीत. हे पदार्थ अवघड आहेत हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं, त्यामुळे बिघडले तरी घरातली माणसं ‘चालायचंच’ म्हणून मुकाट्याने खातात. पण ‘सोपे’ काही बिघडलं, की करणाऱ्याची अक्कल निघते.

आमच्या गोंदियाच्या घरात ‘सोपे घरगुती डोनट’ शिरले ते 1980 सालच्या माघात, एका मासिकाच्या कात्रणाच्या रूपाने. कात्रण आमच्या हिच्या ट्रंकेत होतं आणि ही पुण्याची. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. नव्या नवरीने सासरी काहीतरी करून दाखवायचं असतं, हा तिच्या आईने तिला पढवलेला धडा. आणि नव्या नवरीने पहिलं वर्षभर नुसतं बघायचं असतं, हा माझ्या आईचा सिद्धान्त. या दोन्हींच्या मधे मी. लग्न झालेल्या पुरुषांना या जागेचं वर्णन करून सांगायला नको.

त्यातून तिने दिवस निवडला तोही नेमका कचारगडच्या आदल्या संध्याकाळचा.

कचारगड म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की आमगाव जातं, सालेकसा जातं, मग डोंगर जवळ येतात, एक बोगदा लागतो आणि दरेकसा नावाचं लहानसं स्टेशन येतं. तिथून जंगलातल्या वाटेने चालत धनेगावावरून गेलं की डोंगराच्या पोटात एक प्रचंड गुहा आहे. गुहा म्हटल्यावर आपल्यासमोर वाकून आत शिरायचं भुयार येतं. इथे वाकायचं काम नाही. अख्खं लग्नाचं वऱ्हाड वाजंत्र्यांसकट आत मावेल आणि वर पंगतीलाही जागा उरेल. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. माघी पौर्णिमेला इथे यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कुठून कुठून माणसं येतात, आणि आता तर ती लाखांनी येतात. (आता जिल्हा गोंदिया. आमच्या वेळी आम्ही भंडारा जिल्ह्यातले. 1 मे 1999 ला जिल्हा वेगळा झाला, आणि मी घर न बदलता जिल्हा बदललेला माणूस झालो.)

आम्ही काही गोंड नाही. पण बाबा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते, आणि दरेकशाकडच्या एका फाटकावर गेटमन असलेले एक गोंड गृहस्थ त्यांचे मित्र होते. आम्ही पोरं त्यांना फाटकवाले काका म्हणायचो. 1961 साली त्यांनी आम्हाला पहिल्यांदा कचारगडला नेलं. मी आठ वर्षांचा होतो. गुहेच्या तोंडाशी बसून त्यांनी गोष्ट सांगितली. काली कंकाली मातेची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. दारावर भला मोठा दगड. आई बाहेर रडतेय. शेवटी परी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचं मनावर घेतलं. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने बाहेर असं वाद्य वाजवलं, की आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं. त्यांनी सगळ्यांनी मिळून दगड ढकलला आणि ती बाहेर पडली. दगडाखाली मात्र वाजवणाराच सापडला. सांगणाऱ्यागणिक या कथेचे तपशील थोडे बदलतात, पण काकांनी सांगितलेली ही अशी.

मला त्यातला दगड आवडला. बाबांना वाद्य वाजवणारा आवडला. आईने मात्र भलताच प्रश्न विचारला.

“अन् इतके दिवस त्या लेकरायनं खाल्लं काय?”

काकांना याचं उत्तर देता आलं नाही. आईला ते काही पटलं नाही. एका आईची तेहतीस लेकरं कोंडलेली, आणि कुणी डबा पोचवल्याचा कथेत उल्लेख नाही, म्हणजे काय? पुढच्या वर्षी माघात तिने गुलगुले केले. मोजून तेहतीस.

गुलगुले ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कणीक, गुळाचं पाणी, बडीशेप, चिमूटभर सोडा. पीठ भज्यांपेक्षा किंचित घट्ट भिजवायचं आणि हाताने गोळे सोडून तळायचे. आमच्या झाडीपट्टीत जवसाच्या तेलात. जवसाच्या तेलाला स्वतःचा एक स्वभाव असतो. ते तापलं की शेजारच्या चार घरांना कळतं. पुढे फाटकवाल्या काकांच्या घरून आईला वाळलेली मोहफुलं मिळायला लागली. ती भिजवून, वाटून पिठात घालायची, ही काकूंची युक्ती. मोहाच्या गुलगुल्याला एक वेगळाच रंग आणि गोडवा येतो. ‘मोह’ म्हटल्यावर बाबा दर वर्षी डोळे मिचकावत, पण ते खाऊन आमच्या घरात कधी कुणाला चढल्याचं मला आठवत नाही.

हे गुलगुले न्यायचे आणि वाटेत भेटतील त्या पोरांना वाटायचे, असा नेम पडला. तेहतीस पोरं रोज कुठून भेटणार? मग बाबा गुराखी, लाकूडवाले, रुळावरचे गँगमन, सगळ्यांना पोरांत धरत. एकदा तर पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांना त्यांनी एकतिसावं पोर म्हणून गुलगुला दिला आणि आजोबांनीही तो पोराच्या तत्परतेने खाल्ला. येताना काकूंच्या घरी डबा रिकामा परत जाऊ देत नसत. बोरं, चारोळी, मोहफुलं, काहीतरी भरून मिळायचं. हिशेब केला तर आम्ही नेहमी फायद्यातच राहिलो.

बाबांचा आणखी एक नियम होता. यात्रेच्या दिवशी जायचं नाही. “तो दिवस त्यायचा आहे. आपण सहलीवाले. आपण मांगून जावं.” म्हणून पौर्णिमेनंतरचा रविवार.

तर 1980 सालच्या त्या शनिवारी संध्याकाळी, आई मोहफुलं भिजत घालायच्या बेतात असताना, आमच्या हिने स्वयंपाकघरात मैद्याचा पुडा उघडला.

“आई, उद्यासाठी मी डोनट करू?”

आईला शब्द कळला नाही, पण ‘उद्यासाठी’ कळलं. ती म्हणाली, “कर न.” आमच्याकडे ‘कर न’चे सात अर्थ होतात. पुण्यात एकच होतो.

कात्रणावर साहित्य होतं ते असं. दोन वाट्या मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी दही, दोन चमचे पातळ केलेलं तूप, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि जायफळ. बारा नग. यीस्ट नको, अंडं नको, भट्टी नको, म्हणून ‘सोपे’. हलक्या हाताने मळायचं, फार तिंबायचं नाही. अर्धा तास झाकून ठेवायचं. अर्ध्या बोटाएवढी जाड पोळी लाटायची, वाटीने गोल कापायचे आणि मधे भोक पाडायचं. मंद आचेवर तळून पिठीसाखरेत घोळवायचे.

भोकापर्यंत सगळं सुरळीत होतं.

“भोक कायले पाडून राह्यली?” आईने दारातून विचारलं.

“मधे कच्चं राहू नये म्हणून, आई.”

“तीस वर्सं झाले माह्या गुलगुल्यायले. मधात कच्चे नाही राह्यले कधी.”

शास्त्र म्हणून पाहिलं तर दोघीही बरोबर होत्या. गुलगुला लहान. वरून लाल होईतो आच आतपर्यंत पोचलेली असते. डोनट वाटीएवढा. वरून करपला तरी पोटात पीठ तसंच. भोक पाडलं की त्याला मधेच नसतं, म्हणजे कच्चं राहायला जागाच उरत नाही, आणि तेल आतूनही लागतं. पण हे सगळं मला खूप नंतर कळलं. कळलं असतं तरी त्या क्षणी स्वयंपाकघरात जाऊन शास्त्र सांगण्याइतका मी धाडसी नव्हतो. मी ओसरीवर पेपर उलटसुलट करून वाचत बसलो.

आता भोक पाडायचं कशाने? कात्रणात ‘लहान गोल साच्याने’ एवढंच छापलेलं. सोड्याच्या बाटलीचं बूच आणलं. त्याला कातरे, त्याने भोकाला झालर आली. शाईच्या दौतीचं टोपण झालं, ते निळं निघालं. बांगडी मोठी आणि अंगुस्तान लहान. ही रडकुंडीला आली. तिकडे आई शांतपणे तांदूळ निवडत होती. शनिवारी रात्री साडेआठला.

तेवढ्यात बाबा उठले आणि त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली.

बाबांची तपकीर हा आमच्या कुटुंबाचा सार्वजनिक विषय होता. पत्र्याची गोल डबी, बंद्या रुपयापेक्षा जराशी मोठी. चिमूट घेतली की ते तीन वेळा शिंकायचे. दोन नाही, चार नाही, तीन. तिसरी होईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलत नसे, कारण उपयोग नव्हता. दरेकशाच्या बोगद्यात गाडी शिरली, की इंजिनाचा धूर डब्यात येई. तेव्हा ‘धुरावर उतारा’ म्हणून ते हटकून चिमूट घेत आणि अंधारात तीन शिंका ऐकू येत. कचारगडच्या गुहेत ते शिंकले, तर गुहासुद्धा शिंकायची. त्यांच्या तीन आणि तिच्या तीन. फाटकवाले काका म्हणायचे, “साहेब, वाद्य आणलं असतं तर बरं होतं.”

त्या डबीचं झाकण बाबांनी सुनेच्या हातात दिलं. “हे पाहा. काठ पातळ आहे. बसते बरोब्बर.”

आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. “आता तेच राह्यलं होतं! एकटा सासरा शिंकते, आता पाव्हणे बी शिंकतीन.”

हिने ते झाकण राखेने घासलं, सोड्यात उकळलं, पुन्हा घासलं, पुन्हा उकळलं. पुण्याला एवढ्या पाण्यात धुणं झालं असतं. पण भोक असं देखणं पडलं, की ज्याचं नाव ते. बारा डोनट तळले, साखरेत घोळवले, ताटात मांडले. पहिला बाबांना. आम्ही सगळे त्यांच्या नाकाकडे पाहत होतो. बाबांनी घास घेतला आणि शिंकले. एक. दोन. तीन.

“तपकीर नाही जी,” ते डोळे पुसत म्हणाले, “साखर गेली नाकात. फसकलास झालं आहे.”

आईने ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, “टायरं आहेत सायकलची.” तेव्हापासून आमच्या घरात डोनट हा शब्द नाही. टायरं.

त्या रात्री आईने गुलगुले केले नाहीत. भिजत घालायला काढलेली मोहफुलं तिने परत डब्यात भरली. काही बोलली नाही. बोलली असती तर मला निदान कुणाची तरी बाजू घेता आली असती, किंवा घेतली नाही म्हणून दोघींची बोलणी खाता आली असती. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. मधे बारा टायरांचा डबा. बोगद्यात शिंका झाल्या. त्याव्यतिरिक्त आमगाव ते दरेकसा आमच्यात झालेलं संभाषण पोस्टकार्डावर मावलं असतं आणि वर पत्त्याला जागा उरली असती. जंगलातल्या वाटेवर नेहमीची पोरं आली. बाबांनी डबा उघडला. पोरांनी टायर हातात घेतलं, फिरवून पाहिलं, भोकातून एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने ते बोटात घातलं आणि गरगर फिरवलं. क्षणात सगळ्यांच्या बोटांत टायरं फिरायला लागली आणि पिठीसाखर चहूकडे उडायला लागली. खाण्याचं कुणाच्या मनातही नव्हतं. तेवढ्यात झाडावरून एक वानर उतरलं आणि त्यातल्या धाकट्या पोराच्या हातातलं टायर घेऊन वर गेलं. फांदीवर बसून त्याने भोकात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं, आणि इतक्या गंभीरपणे विचारात पडलं, की आईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसत होती. हिच्याही डोळ्यांत पाणी आलं. हसून की कशाने, ते मी विचारलं नाही.

डबा रिकामा झाला होता आणि पोरं अजून येतच होती. आई हसायची थांबली.

“एकवीस कमी पडले,” ती म्हणाली.

हिला आकडा कळेना. मग गुहेच्या तोंडाशी बसून आईनेच तिला गोष्ट सांगितली. तेहतीस लेकरांची, बाहेर रडणाऱ्या माउलीची. मी आणि बाबा जरा लांब बसलो. आई सांगत होती त्यात लिंगो आणि जंगो होतेच, पण मुख्य भर जेवणावर होता.

पुढच्या वर्षी हिने स्वतः मला पेन्सिल दिली. “तुम्ही बँकेत आहात ना? मग बारा नगांचे तेहतीस करून द्या.” तेहतीस भागिले बारा, पावणेतीन. सगळं साहित्य पावणेतीनपट. साडेपाच वाट्या मैदा, इथवर ठीक. पण चिमटीची पावणेतीनपट म्हणजे किती? दोन चिमट्या आणि तिसरी सोडताना हात आखडायचा? बँकेत मी लाखांचा ताळा जमवत असे, पण ही पाऊण चिमूट मला आजतागायत जमलेली नाही. ही ती अंदाजाने घालते. दर वर्षी ती बरोबर असते आणि दर वर्षी ती वेगळी असते.

आणि इथे ती गोष्ट झाली, जी कुणी ठरवून केली नव्हती. तेहतीस टायरांना तेहतीस भोकं. म्हणजे मधून निघालेले पिठाचे तेहतीस गोळे. कात्रणात लिहिलं होतं, ‘मधले गोळे पुन्हा एकत्र मळून घ्यावेत.’ ही ते गोळा करायला लागली, तर आई पुढे आली आणि तिने परात स्वतःकडे ओढून घेतली. दुसऱ्या शेगडीवर जवसाचं तेल चढलं. वाटलेला मोह त्या गोळ्यांना चोळला गेला. ती तळत गेली, मोजत गेली, गुळाच्या पाकात टाकत गेली. एकतीस, बत्तीस, तेहतीस.

“गुलगुले,” आई म्हणाली.

मैद्याचा, दह्याचा, साच्याने कापलेला गोळा हा कुठल्याही न्यायाने गुलगुला होत नाही. पण हे तिला सांगायचं कुणी? ही हुशार. ती म्हणाली, “आई, हेच जास्त छान झालेत.” ते खोटं होतं असंही नाही. डब्यात खाली गुलगुले, मधे केळीचं पान, वर टायरं, अशी व्यवस्था ठरली आणि पुढची दहा वर्षं तशीच चालली. दर माघात झाकण बाबांकडून मागून घ्यायचं, धुवायचं, उकळायचं आणि काम झालं की परत करायचं. मधल्या काळात डबी उघडी पडायची, म्हणून ते तेवढा वेळ तपकीर कागदाच्या पुडीत ठेवत आणि ती पुडी हमखास कुणाच्या तरी चहात सांडे.

1991 च्या दिवाळीनंतर बाबा गेले.

पुढच्या माघात पौर्णिमा आली आणि गेली. रविवारचं कुणी नाव काढलं नाही. शनिवारी संध्याकाळी मी बँकेतून आलो तर घरात दिवाही लावलेला नव्हता. आई तिच्या ट्रंकेपाशी बसली होती. तिने लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं झाकण बाहेर काढलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो नाही. फक्त ऐकू आलं.

“मैदा भिजव, सूनबाई. साडेपाच वाट्या.”

त्या वर्षी भोकं आईने पाडली. बारा वर्षांत तिने त्या झाकणाला कधी हात लावला नव्हता. झाकण पोळीवर ठेवायचं, तळव्याने दाबायचं, किंचित फिरवायचं, उचलायचं. पहिली दोनतीन वाकडी गेली. मग हात बसला. ही तळत होती. दोघी बोलत नव्हत्या, पण तो अबोला वेगळा होता. घासताना, उकळताना हिने त्या वर्षी सोडा घातला नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

नव्वदच्या दशकात त्या जंगलाबद्दल पेपरात वाईट बातम्या यायला लागल्या. चकमकी, भूसुरुंग, पोलीस. पाचसहा वर्षं आमचं जाणं थांबलं. फाटकवाले काका निवृत्त होऊन मुलाकडे गेले. तेव्हा माघातल्या रविवारी आम्ही गच्चीवर डबा उघडायचो आणि गल्लीतली पोरं तेहतीस भरेपर्यंत हाका मारायचो. गल्लीतल्या पोरांना हाका मारायला लागत नाही, उलट मोजून थांबवायला लागतं. पुन्हा जायला लागलो तेव्हा गुहा तीच होती, पण यात्रा प्रचंड वाढली होती. आई शेवटची आली ती 2004 साली. चढण तिला झेपली नाही. डबा मांडीवर घेऊन ती पायथ्याशी बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच वाटत राहिली. आम्ही उतरून आलो तेव्हा म्हणाली, “तेहतीस झाले. एक मीच खाल्लं.” दोन वर्षांनी ती गेली.

आता थोडं परदेशात जाऊ. माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. 2011 साली तिने तिकडून एका पाटीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाबा, हे वाचा, आणि आईलाही दाखवा.’ अमेरिकेतल्या मेन राज्यात रॉकपोर्ट नावाचं गाव आहे. तिथला हॅन्सन ग्रेगरी हा खलाशी डोनटच्या भोकाचा जनक मानला जातो. 1847 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, जहाजावर असताना त्याला मधे कच्चे, तेल प्यायलेले डोनट खाऊन कंटाळा आला. अपचनही झालं असावं. त्याने मधला भागच काढून टाकला. ही हकीकत त्याने म्हातारपणी, 1916 मध्ये एका वार्ताहराला सांगितली. मधली सत्तरेक वर्षं तो गप्प होता. एवढा शोध लावून इतकी वर्षं गप्प बसणारा माणूस मला आदरणीय वाटतो. 1947 साली, भोकाच्या शताब्दीला, ती पाटी लावली गेली. आपण त्या वर्षी दुसऱ्या गडबडीत होतो.

पण मुलीने फोटो पाठवला तो पुढच्या तपशिलासाठी. ग्रेगरीने पहिलं भोक पाडलं ते कशाने, तर जहाजावरच्या मिरपुडीच्या डबीच्या झाकणाने.

मी ते हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तोही शिंकला असणार.”

गेल्या माघात मुलगी आणि नात आली होती. नात नऊ वर्षांची. मराठी बोलते, पण वाक्य सुरू करताना जरा श्वास घेते, उंच उडी मारणाऱ्या मुलीसारखी. शनिवारी ती आजीच्या शेजारी स्टुलावर उभी राहिली. तिच्या आईने तिकडून कापायचे चकचकीत साचे आणले होते, सहा मापांचे. ते डब्यातच राहिले. नातीने झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं.

“आजी, भोक एवढंच का? मोठं का नाही?”

“तुझ्या पणजोबांच्या नाकाचं माप आहे ते,” ही म्हणाली.

नातीने ते मान्य केलं. मग गुलगुल्यांकडे बोट दाखवून म्हणाली, “आमच्याकडे ना, ही भोकं वेगळी मिळतात. बॉक्समधे. डोनट होल्स.” भोकं विकत मिळतात! आई असती तर त्या देशाबद्दल तिचं काय मत झालं असतं, याची मला कल्पना करवत नाही. मोह मात्र त्या भोकांत नसतो, असं नातीने कबूल केलं.

रविवारी आम्ही गेलो. आता गाडी विजेवर चालते, त्यामुळे बोगद्यात धूर नाही, नुसता अंधार. तरीही त्या अंधारात मी आणि ही कशाची तरी वाट पाहत असल्यासारखे गप्प बसलो. माझे गुडघे चढणीवर कुरकुरत होते, पण नात पुढे धावत होती आणि थांबलो असतो तर तिने मलाच पोरांत धरलं असतं. वाटेत एकोणतीस पोरं झाली, चार कमी पडली. आम्ही चौघांनी एकेक खाऊन हिशेब पुरा केला.

माझं टायर मी गुहेच्या आत उभं राहून खात होतो. नातीने तिचं बोटात घालून गरगर फिरवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पिठीसाखर उडाली आणि ती शिंकली. गुहा शिंकली. ती दचकली, हसली आणि पुन्हा शिंकली. पुन्हा गुहा.

मी हिच्याकडे पाहिलं. हिने हातानेच मला थांब म्हणून खूण केली.

आम्ही उभे राहिलो. नात नाक चोळत आमच्याकडे बघत होती. म्हातारी माणसं अशी का उभी आहेत हे तिला कळत नव्हतं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मी हातातल्या टायराचा शेवटचा घास घेतला, आणि साखर नेमकी माझ्याच नाकात गेली.